पावसाळ्यात रंगवलेली गाडी दुधाळ पडली, आता काय?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी ऐरोलीला खाडीच्या बाजूला अकराव्या मजल्यावर राहते. टामिया या जपानी कंपनीचं प्लास्टिकच्या मॉडेल गाडीचं १/२४ स्केलचं (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढं) किट घेऊन दोन महिने त्यावर काम केलं. बॉडीला ग्रे प्रायमर (रंगाखालचं अस्तर) मारला, वरून टामियाच्याच स्प्रे कॅनमधला टीएस-८ इटालियन रेड. जुलैतल्या एका रविवारी पाऊस थांबल्याचं बघून बाल्कनीत कॅन मारला, तर अर्ध्या तासात छत आणि बॉनेट पांढरट पडलं. ते झाकायला लगेच वरून दोन जाड हात मारले. ती पांढरी झाक गेली नाहीच, उलट रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला आणि दारांच्या रेषा बुजल्या. दुसऱ्या दिवशी पुढची काच सुपरग्लूने बसवली, ती आतून धुरकटली. सासूबाईंना वासाचा त्रास होतो तो वेगळाच. गाडी टाकून देऊ का? एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) घेतला तर हे टळेल का? आणि झालीच नीट, तर आमच्या दमट घरात ती ठेवायची कशी?

उत्तर

गाडी अजिबात टाकू नका. बॉडीच्या प्लास्टिकला काहीही झालेलं नाही. बिघडलाय तो वरचा रंग, आणि तो पूर्ण उतरवता येतो. पण तो कशाने बिघडला हे आधी नीट समजून घ्या, नाहीतर पुढचा कॅनही वाया जाईल.

टीएस मालिकेतले कॅन लॅकरचे, म्हणजे झटपट सुकणाऱ्या रंगाचे असतात. लॅकरमधलं सॉल्व्हंट (रंग विरघळवून ठेवणारा द्रव) फार वेगाने उडतं आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. कॅनमधला वायूही बाहेर पडताना गार होतो. त्यामुळे रंग बसताच बॉडी भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड पडते. आता आकडे बघा. २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता म्हणजे ऐरोलीचा जुलैतला अगदी नेहमीचा दिवस. त्या हवेचा दवबिंदू साधारण २५ अंश येतो. म्हणजे बॉडी जेमतेम तीन अंशांनी गार झाली की हवेतलं पाणी तिच्यावर धरायला लागतं. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो, तोच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे ते सूक्ष्म थेंब ओल्या रंगात अडकतात आणि रंग दुधाळ दिसतो. त्याच २८ अंशांना आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू १६-१७ अंशांपर्यंत खाली जातो. बॉडी तितकी गार सहसा होत नाही, म्हणून हिवाळ्यात तोच कॅन त्याच हाताने मारला तरी रंग काचेसारखा बसतो.

पाऊस थांबलाय की नाही यावर म्हणूनच काही ठरत नाही. सर थांबल्यानंतरचा तास तर रंगकामाला सगळ्यात वाईट, कारण तेव्हा जमीन, भिंती, झाडं सगळीकडून वाफ उठत असते. तीन-चारशे रुपयांचा छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) घ्या आणि जिथे रंग मारणार तिथेच अर्धा तास ठेवून आकडा बघा. ६० च्या खाली निर्धास्त मारा. ६० ते ६५ मध्ये पातळ हात द्यायचे आणि मध्ये जास्त वेळ थांबायचं. ६५ च्या वर कॅन हातात घेऊ नका.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. नुसती झाक असती तर काम सोपं होतं: कोरडा दिवस बघून वरून टीएस-१३ क्लिअरचा (बिनरंगाच्या चमकदार लॅकरचा) एक ओला हात दिला की खालचा लॅकर पुन्हा विरघळतो, अडकलेला ओलावा निघून जातो आणि मूळ रंग परत येतो. झाक दिसल्यावर थांबायचं असतं ते याचसाठी. तुमच्या बाबतीत मात्र त्यावर दोन जाड थर बसलेत आणि रेषा भरल्यात. आणखी रंगाने त्या रेषा मोकळ्या होणार नाहीत, तेव्हा रंग उतरवायलाच हवा.

आधी काच काढा. सुपरग्लूचा जोड थंडीत ठिसूळ होतो, म्हणून बॉडी झिपच्या पिशवीत घालून दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्या काढल्या आतून, कडेला, जिथे गोंद लागलाय तिथेच अंगठ्याने हलका दाब द्या. मधोमध दाबलंत तर काच तडकेल. एका फेरीत नाही सुटली तर पुन्हा फ्रीजर. क्रोमचे भाग, आरसे, दिवे लावले असतील तर तेही काढून ठेवा, कारण पुढच्या द्रवात क्रोम जातं आणि पारदर्शक प्लास्टिकला बारीक तडे पडू शकतात.

रंग काढायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. १/२४ ची बॉडी साधारण १८-१९ सेंटीमीटर लांब भरते. ती जेमतेम मावेल असा झाकणाचा डबा घेतलात तर लिटरभर पुरतं. डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ आकडा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आहे ना ते बघा. बॉडी बुडवून झाकण लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी रंग सुरकुत्या पडून सुटलेला दिसेल. मऊ टूथब्रशने घासा, रेषांमधला रंग लाकडी टूथपिकने काढा. सुई वापरू नका, प्लास्टिकवर ओरखडा उठतो. प्रायमर चिवट असतो, तो सगळा निघेलच असं नाही. जो राहील तो एकसारखा आणि घट्ट असेल तर १००० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करून तसाच ठेवा. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर आणि ॲसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर यांना हातही लावू नका. दोन्ही पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, विरघळवतात, आणि मग बॉडी वाचवायला काहीच उरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा हा डबा स्वयंपाकघरात नको. हातात नायट्राइलचे मोजे घाला.

धुरकटलेली काच पण फुकट गेलेली नाही. सुपरग्लू सुकताना त्याची वाफ निघते, ती हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून आजूबाजूला पांढरी पावडर होऊन बसते. दमट हवेत आणि बोटांचे ठसे असतील तिथे जास्त. तो थर वरवरचा असतो. टामियाचं फाइन पॉलिशिंग कंपाउंड इअरबडवर मुगाच्या दाण्याएवढं घ्या, लहान लहान गोल फिरवत घासा, मग फिनिश कंपाउंडने तसंच करा. पुन्हा बसवताना साधा पांढरा फेव्हिकॉल वापरा. टूथपिकच्या टोकावर घेऊन कडेला ठिपके द्या आणि मास्किंग टेपने धरून रात्रभर सोडा. तो सुकून पारदर्शक होतो, वाफ सोडत नाही, आणि जास्तीचा ओल्या इअरबडने पुसता येतो. काचेला भार पेलायचा नसतो, त्यामुळे एवढी पकड भरपूर झाली.

मग पुन्हा रंग कधी? आमचं स्पष्ट मत असं, की ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांवर कॅनचं बॉडीकाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करावं. डिसेंबरात दुपारी बारा ते चार या वेळेत आर्द्रता बऱ्याचदा ५० च्या आसपास किंवा त्याखाली येते. पावसाळा त्यासाठी रिकामा घालवायचा नाही. इंजिन, चासी, सीट, डॅशबोर्ड ही ब्रशची कामं आणि सगळं पेपरकाम, म्हणजे पॉलिश पेपरने घासणं, तेव्हाच उरकून घ्यायचं.

पेपरकामात एक गोष्ट बहुतेक जण सोडतात, ती म्हणजे रेषा खोल करणं. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून सात-आठ थर बसतात, आणि १/२४ वरची दाराची रेष मुळात केसभर असते. कोऱ्या बॉडीवर स्क्राइबरने (रेषा कोरायच्या टोकदार अवजाराने), नाहीतर कटरच्या ब्लेडच्या पाठीने, प्रत्येक रेषेतून दोन-तीन वेळा जवळजवळ वजन न देता ओढून घ्या. दाब दिलात की पातं रेषेतून निसटून दारावर ओरखडा काढतं. साच्याच्या जोडाची उंच कड सहसा पुढच्या-मागच्या फेंडरवरून आणि छताच्या खांबांवरून जाते. ती ६०० ने काढा, १००० ने गुळगुळीत करा. मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून बॉडी धुवा, पूर्ण वाळू द्या आणि त्यापुढे उघड्या बोटांनी शिवू नका.

लाल रंगाखाली ग्रे प्रायमर मारलात, तिथेही थोडं चुकलं. लाल आणि पिवळा रंग फारसे झाकत नाहीत. ग्रेवर लाल विटकरीकडे झुकतो, आणि तो उजळायला आपण थर वाढवत जातो. पांढऱ्या किंवा गुलाबी फाइन सरफेस प्रायमरवर तोच टीएस-८ तीन-चार हातांत भरून येतो. उलट बाजूही सांगून ठेवतो: किटचं प्लास्टिकच लाल असेल आणि तुम्हाला गाडी पांढरी हवी असेल, तर प्लास्टिकमधला लाल रंग वर झिरपून गाडी गुलाबी पडते. तिथे प्रायमरच्या आधी सिल्व्हरचा एक पूर्ण हात देऊन तो झिरपा अडवतात.

कॅन मारायची पद्धत अशी. कॅन सुमारे ३५ अंशांच्या कोमट पाण्यात आठ-दहा मिनिटं ठेवा. मनगटाला सुखद वाटेल इतपतच. गॅस, मायक्रोवेव्ह, ऊन यांपैकी काहीही चालणार नाही, कॅन फुटतो. कोमट कॅनमध्ये दाब वाढतो, थेंब बारीक होतात, आणि संत्र्याच्या सालीचं निम्मं दुखणं तिथेच संपतं. मग दोन मिनिटं हलवा. बॉडी रिकाम्या डिओच्या कॅनवर दुहेरी टेपने बसवा, म्हणजे ती फिरवता येईल. पहिला हात २५ सेंटीमीटरवरून नुसता धुक्यासारखा, खालचं प्रायमर दिसत राहील इतका. तो सुरू करायचा दारांच्या कडा, चाकांच्या कमानी आणि बॉनेटच्या धारेपासून, कारण ओला रंग धारेवरून मागे सरतो आणि ती जागा नेहमी उघडी पडते. पंधरा मिनिटं थांबा. दुसरा हातही तसाच, जरा भरून. तिसरा आणि लागला तर चौथा १५ ते २० सेंटीमीटरवरून ओला मारा. प्रत्येक फटकारा बॉडीच्या बाहेर सुरू होऊन बाहेरच संपला पाहिजे. बॉडीवर असताना बटण दाबलंत किंवा सोडलंत तर तिथे थेंब पडतो. फार लांबून मारलं तर थेंब हवेतच अर्धे सुकून खरखरीत बसतात, फार जवळून मारलं तर ओघळ येतो. तुम्ही ओघळांचं काही लिहिलेलं नाही, पण खरखर आहे, म्हणजे पहिला हात लांबून बसलाय आणि दोन जाड थर त्यावर तसेच थापले गेलेत.

शेवटचा हात दिल्यावर दहा मिनिटं उघडं राहू द्या, मग वर एखादा मोठा डबा उपडा घाला. ऐरोलीत बांधकामं आणि ठाणे-बेलापूर रस्ता यांची धूळ कधीच थांबत नाही.

डिकॅल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ चित्रं) क्लिअरच्या आधी लावायची. कोमट पाण्यात २० ते ३० सेकंद, मग कागदावरून सरकवा. खाली मार्क सेटर (डिकॅल चिकटवणारा द्रव), वर बसल्यावर मार्क सॉफ्टर (डिकॅल मऊ करणारा द्रव). सॉफ्टरने डिकॅल सुरकुततं, तेव्हा हात लावायचा नाही, ते सुकताना आपोआप ताणून बसतं. एक दिवस वाळवून मग टीएस-१३, पण पहिले दोन हात अगदी धुक्यासारखे. टीएस-१३ तिखट असतं, पहिल्याच हाताला ओलं मारलंत तर डिकॅल विरघळतं. त्यानंतर दोन ओले हात, आणि आठवडाभर विश्रांती. नाक जवळ नेऊन बघा: रंगाचा वास येतोय तोवर तो पूर्ण वाळलेला नाही, पॉलिश करू नका. वाळला की ३००० च्या पेपरने पाण्यात हलकं घासून साल सपाट करायची आणि कोर्स, फाइन, फिनिश अशी तिन्ही कंपाउंड क्रमाने फिरवायची. धारांवर कंपाउंड नको. तिथे रंग सगळ्यात पातळ असतो आणि चार फटकाऱ्यांत प्रायमर दिसायला लागतं. धारांवर आधीच मास्किंग टेपची बारीक पट्टी लावून ठेवणं उत्तम.

सासूबाईंच्या तक्रारीत तथ्य आहे आणि ती मनावर घ्या. एन-९५ मास्क रंगाचे थेंब अडवतो, सॉल्व्हंटची वाफ नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा (वाफ शोषणाऱ्या डब्यांचा) हाफ मास्क लागतो. काम झालं की कार्ट्रिज झिपच्या पिशवीत बंद करा, उघडं ठेवलं तर ते हवेतली वाफ शोषत राहतं आणि लवकर संपतं. घरातल्या बाकीच्यांसाठी, वारा घराकडून बाहेर वाहत असेल तेव्हाच बाल्कनीत रंग मारा आणि दार लावून घ्या. कॅनमधला वायू ज्वलनशील असतो. देवघरातली समई, उदबत्ती, गॅस हे सगळं विझलेलं आहे हे स्वतः बघून मगच सुरू करा. रंगवलेली बॉडी पहिले तीन दिवस झोपायच्या खोलीत आणू नका, वास तिच्यातूनच येत असतो. एसी लावून बंद खोलीत कॅन मारायचा सल्ला कुणी देईल. आर्द्रतेचा प्रश्न त्याने सुटतो खरा, पण तो वायू खोलीत साठतो. तो सल्ला मानू नका. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅनही कॅनसाठी नको, त्याची मोटर थेट वाफेच्या प्रवाहात असते.

ठेवायची कुठे, हा प्रश्न रंगाइतकाच महत्त्वाचा आहे. काचेची फळी आणि घट्ट बसणारी दारं असलेलं कपाट चांगलं, पश्चिमेच्या उन्हात नको. लाल रंग आणि डिकॅल उन्हाने सगळ्यात आधी उतरतात. आत सिलिका जेलच्या ५०-५० ग्रॅमच्या दोन पिशव्या ठेवा. केशरी दाण्यांचं घ्या, ओल शोषली की ते हिरवे होतात, म्हणजे बदलायची वेळ कळते. कपाटात सवयीने डांबरगोळ्या टाकल्या जातात, त्या आजच काढा. नॅप्थलीनच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं.

टायरचं तर फार कमी जणांना माहीत असतं. किटचे टायर मऊ विनाइलचे असतात. त्यातलं प्लास्टिसायझर (विनाइल मऊ ठेवणारं रसायन) महिनोन्‌महिने झिरपत राहतं आणि जिथे टायर टेकतो तिथलं पॉलिस्टायरीन खातं. डिस्प्ले केसचा काळा तळ बऱ्याचदा पॉलिस्टायरीनचाच असतो. वर्षभराने गाडी उचलावी तर टायर तळाला चिकटलेले आणि खाली चार खड्डे. गाडी काचेवर किंवा आरशावर ठेवा, किंवा टायरखाली ॲल्युमिनियम फॉइलचे चार तुकडे घाला. न जोडलेल्या किटच्या डब्यातही टायर वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर ते पारदर्शक भागांना टेकून काचा खराब करतात. डिकॅलचा कागद दमटपणात बुरशी धरतो, तोही झिपच्या पिशवीत सिलिका जेलसोबत. धूळ कापडाने पुसू नका, कणांचे ओरखडे क्लिअरवर उठतात. मेकअपचा रुंद, नवा, मऊ ब्रश वापरा.

आता एअरब्रश. घ्या, पण दमटपणा त्याने आपोआप जाईल असं समजू नका. त्याने दोन गोष्टी हातात येतात: रंग कमी लागतो, आणि थिनर तुम्ही निवडता. मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर हळू उडतं, त्यामुळे बॉडी कमी गार होते आणि झाक पडायची शक्यता खूप घटते. ७० टक्क्यांच्या वर तेही पुरं पडत नाही. ०.३ मिलिमीटर नोझलचा डबल ॲक्शन (हवा आणि रंग वेगवेगळे आवरता येणारा) एअरब्रश, टाकी असलेला कॉम्प्रेसर, दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप, यांतलं काहीही वगळू नका. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं. आपल्याकडे पावसाळ्यात ते तासाभरात ट्रॅपमध्ये दिसायला लागतं, आणि ट्रॅप नसेल तर थेट बॉडीवर थुंकलं जातं. टाकीखालचा स्क्रू रोज काम संपल्यावर उघडून पाणी सोडा, नाहीतर टाकी आतून गंजते.

हाताशी असलेला टीएस-८ चा कॅनही एअरब्रशमध्ये वापरता येतो. नोझलला स्ट्रॉ टेपने घट्ट लावा, काचेच्या बरणीवर फॉइल घालून स्ट्रॉपुरतं भोक पाडा आणि बाल्कनीत थोडा थोडा रंग आत सोडा. त्यात वायू विरघळलेला असतो, म्हणून झाकण न लावता फॉइल सैल ठेवून रात्रभर तिथेच राहू द्या. लगेच हलवलंत किंवा झाकण लावलंत तर रंग फसफसून बाहेर येतो. सकाळी दहा भाग रंगाला एक ते दोन भाग लेव्हलिंग थिनर, दाब १५ ते २० पीएसआय. सुरुवात बॉडीवर नको. प्लास्टिकच्या पांढऱ्या चमच्यांचं पाकीट आणा, पाठीवर प्रायमर मारा आणि त्यावर सराव करा. चमच्याचा फुगीर भाग फेंडरसारखाच वळलेला असतो. प्रत्येक चमच्याच्या दांड्यावर तारीख, आर्द्रता, थिनरचं प्रमाण आणि दाब मार्करने लिहून ठेवा. त्यातला जो चमचा आरशासारखा निघेल, त्याच्या दांड्यावरचे आकडे तुमच्या घराचे.